धोंडीराम सातपुते प्यायलेला नव्हता

हौसाबाई सातपुते यांचं पत्र मला १९९७च्या जानेवारीत आलं. निळं आंतर्देशीय, शाळकरी पोरासारखं मोठं आणि वाकडं अक्षर. मी त्याला उत्तर दिलं नाही. तेव्हापासून ते माझ्या ध्वनिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकात खुणेसारखं पडून होतं. पुस्तक मी अनेकदा उघडलं. खूण असलेलं पान मात्र टाळत आलो.

पत्रात लिहिलं होतं :

'मगदूम सरांस हौसाबाईचा नमस्कार. तुम्ही आमच्या शेडमध्ये यंत्र घेऊन आला होता आणि आमच्या ह्यांचे कान तपासले होते. हे आता नाहीत. सूत बाजारापुढं टेम्पोनं उडवलं. टेम्पोवाल्यानं मागनं हॉर्न मारला म्हणतात. पिऊन झिंगला होता म्हणून सरकला नाही असं गाव बोलतंय. ह्यांनी थेंबाला शिवलं नव्हतं. ह्यांना ऐकू येत नव्हतं एवढं एका कागदावर लिहून द्या. दुसरं काय नको. पोरीला शाळेत दारुड्याची म्हणतात.'

एका ओळीचं काम होतं. ते मी का केलं नाही, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी इचलकरंजीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा प्रयोग-सहायक होतो. वर्गात शिकवायचं धैर्य नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेतच राहिलो. त्या काळी गावात पहाटेपासून यंत्रमाग धडधडायचे. बायका तान्ही पोरं घेऊन कामावर यायच्या आणि शेडच्या कोपऱ्यात झोळी बांधायच्या. एवढ्या गोंगाटात ती पोरं गाढ झोपायची. गंमत म्हणजे वीज गेली, माग थांबले, की सगळी एकदम टाहो फोडायची.

रेकॉर्ड-प्लेयरच्या सुईपासून मी कंपनं मोजायचं एक साधन केलं आणि आठ शेडमध्ये हिंडलो. माग मिनिटाला एकशे साठ ठोके टाकत. झोळीतल्या पोराचा श्वास हळूहळू त्या ठोक्यांशी जुळे. चार ठोक्यांना एक श्वास. मी यावर एका मराठी विज्ञान मासिकात चार पानी लेख लिहिला. आयुष्यात छापून आलेलं माझं तेवढंच.

त्याच फेरीत मी कामगारांचे कानही तपासले. समोर बसवून हळू आवाजात आकडे म्हणायचो, कामगारानं ते परत म्हणायचे. सगळे पास झाले. एकोणीस वर्षं मागावर काढलेला धोंडीराम सातपुतेही पास झाला. मी वहीत 'कान उत्तम' असं लिहायला वळलो आणि पाठमोराच म्हणालो, "धोंडीराम, चहा घेणार का?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मी मान वळवली, तसा तो हसून म्हणाला, "काय म्हणलासा, सर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागाच्या गोंगाटात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून ही माणसं दिवसभर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघून ऐकतात. चार मागांपलीकडच्या माणसाशी चेष्टा-मस्करीसुद्धा तशीच चालते. धोंडीराम मला फसवत नव्हता. कान गेले आहेत, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. तो डोळ्यांनी ऐकत होता. मी हजेरीचं पुस्तक तोंडापुढे धरून आकडे म्हटले. त्याला एकही सांगता आला नाही.

वहीत ते लिहून ठेवलं. लेखात घातलं नाही. पुस्तक तोंडापुढे धरून एका माणसावर केलेली चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. प्राचार्य म्हणाले होते, "मगदूम, झोळीतल्या पोरांचं लिवा की. छान हाय ते." मी पोरांचं लिहिलं. सहा महिन्यांनी हौसाबाईंचं पत्र आलं, तेव्हाही तेच सांगितलं स्वतःला : एक माणूस, एक चाचणी, घरगुती साधन. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवशील? आणि उत्तर लिहायचं राहिलं ते राहिलंच.

*

दोन वर्षांपूर्वी, २०३९ साली, डॉ. मृण्मयी आवटी आमच्या घरी आल्या. तिशीतल्या, चटपटीत. हातात माझ्या लेखाची प्रत. इतकी जुनी पानं त्यांना कुठे मिळाली कोण जाणे.

"सर, आमची सगळी 'शमन' तुमच्या या चार पानांतून निघालीय," त्या म्हणाल्या.

माझी पत्नी इंदुमती म्हणाली, "बसा की. ह्यांच्या लेखातनं काहीतरी निघालं हे पहिल्यांदाच ऐकतेय मी."

शमन ही गादी होती. आत नखाएवढी शेकडो कंपकं, म्हणजे थरथरणाऱ्या बारीक चकत्या. बाईंनी सोप्या भाषेत समजावलं. एकाच भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली, की भिंतीतून जाणाऱ्या बारीक धक्क्यांमुळे कालांतरानं त्यांचे लंबक एका तालात येतात. शरीराचंही तसंच. गादी आधी तुमचा श्वास आणि नाडी ओळखते. मग त्याहून किंचित मंद लहर खालून सोडते. शरीर नकळत तिच्या मागे जातं. गादी आणखी मंदावते, शरीर आणखी एक पायरी उतरतं. मेंदूला धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा निवते. रक्तदाब उतरतो, दुखणं बोथट होतं, झोप लागते. औषध नाही, सुई नाही.

इंदुमतीला तेरा वर्षं झोप नव्हती. गुडघ्यांचं दुखणं तिला दर तासाला उठवायचं. बाईंनी आमच्याकडे एक गादी भेट म्हणून ठेवली. मी माझ्या जुन्या कापसाच्या गादीवरच राहिलो. नवीन वस्तूशी जमवून घ्यायला मला वेळ लागतो. इंदुमती पहिल्याच रात्री सलग सात तास झोपली. सकाळी उठून ती नुसती बसून राहिली आणि म्हणाली, "अहो, मी विसरलेच होते, असं असतंय ते."

तिच्या चेहऱ्यावरचं ओढलेपण गेलं. ती पुन्हा मंदिराच्या स्वाध्याय मंडळात जाऊ लागली, मला टोमणे मारू लागली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या घरी शमन आली. मला वाटलं, चला, चार पानांचं सार्थक झालं.

मग ती पडली. एकदा न्हाणीच्या उंबऱ्यात, महिन्याभरानं जिन्यात. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, वय. शमनच्या केंद्रात दर तिमाहीला तपासणी असे. पायाच्या घोट्याच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवत. ते थरथरलं की आपण 'लागलं' म्हणायचं. तळपायाला जमिनीचे बारीक धक्के कळतात म्हणून तर आपण अंधारातही तोल सावरतो. ती जाण शाबूत आहे ना, हे बघायची ही चाचणी. इंदुमती दर वेळी पास.

तरी माझ्या मनात काहीतरी सलत होतं. मी कपाटातून प्रयोगशाळेतला जुना नादकाटा काढला. दोन दांड्यांचा पोलादी चिमटा. टोला दिला की सेकंदाला एकशे अठ्ठावीस वेळा थरथरतो. तिच्या घोट्यावर टेकवला.

"लागतंय?"

"लागतंय की. गूं करतंय."

ठीक होतं म्हणायचं. मी नेहमीप्रमाणे स्वतःला मूर्खात काढलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काटा लावत असताना बाहेर नगरपालिकेची माणसं रस्ता फोडायला लागली. खिडक्यांची तावदानं वाजत होती. काटा माझ्या बोटांत जोरात थरथरत होता. इंदुमती वैतागून ओरडली, "अहो, लावा की एकदा! किती वेळ पाय धरून बसू?"

काटा केव्हाचा तिच्या हाडावर होता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा धोंडीराम हसून विचारत होता, काय म्हणलासा, सर?

*

तिच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि पुन्हा पाहिलं. काही नाही. घोट्यावर नाही, अंगठ्यावर नाही, गुडघ्यापाशी थोडं. तो विणकर डोळ्यांनी ऐकत होता. ही कानांनी स्पर्श ओळखत होती. केंद्रातलं यंत्र थरथरताना बारीक गुणगुणत असे. ते ऐकून सगळे प्रामाणिकपणे 'लागलं' म्हणत आणि सगळे पास होत.

कारण अवघड नव्हतं. त्वचेखाली कंपनं ओळखणारे कांद्याच्या पाकळ्यांसारखे बारीक गोळे असतात. त्यांना बदल कळतो. तेच ते सतत मिळालं की ते लक्ष देणं सोडतात. हातातलं घड्याळ आपल्याला जाणवत नाही ते त्यामुळेच. पण रोज आठ तास, दोन वर्षं? मागांनी कानाचं जे केलं, तेच गादी पायांचं करत होती. ताल तोच होता. फक्त या खेपेला तो मऊ होता.

मी इंदुमतीला सांगितलं. ती भडकली.

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला. कधी भाजीवाल्याला, 'हे वांगं किडकं आहे' म्हणाला नाहीत. आणि आता बोलायला मिळाली ती माझी झोप?"

"तसं नाही. माझी चूकही असेल. एकच माणूस, एकच..."

"चूक असंल तर गप बसा. नसंल तर बोला. मधलं काय ते तुमचं आयुष्यभर चाललंय."

ती पुस्तकं झटकायला लागली. राग आला की ती तेच करते. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकातून निळं पत्र खाली पडलं. तिनं चष्मा लावून ते उभ्यानंच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"हिला काय लिहिलंत?"

मी पुस्तकं पुन्हा रचायला लागलो.

"काहीच नाही?" तिचा आवाज खाली आला. मला तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "म्हणजे उद्या मी जिन्यात पडून मेले, की लोक म्हणणार, म्हातारीची चप्पल घसरली. आणि तुम्ही माझीपण पुस्तकात खूण करून ठेवणार."

त्यानंतर तिनं गादीची तार भिंतीतून काढली. मग माझा नादकाटा पिशवीत घातला आणि मला घेऊन स्वाध्याय मंडळात गेली. "पाय पुढं करा गं सगळ्यांनी, कापूस घाला कानात. सरांचा प्रयोग हाय." एका आठवड्यात तेवीस जणांचे पाय तपासले. शमनवर झोपणारे अकरा. त्यांपैकी नऊ जणांना घोट्यावर काही कळत नव्हतं. गादी न वापरणारे, त्याच वयाचे बारा. त्यांत असे दोघे. मी आकडे तीनदा तपासले. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा होती. सापडली नाही.

*

डॉ. आवटी निमंत्रण घेऊन आल्या. एका जुन्या माग-शेडमध्ये शमनचं मोठं केंद्र होणार होतं. उद्घाटनाला जुने विणकर बोलावले होते आणि दोन शब्द मी बोलायचे होते. मी माझी वही पुढे केली.

त्यांनी ती लक्ष देऊन वाचली, हे मला मान्य केलं पाहिजे. मग म्हणाल्या, "सर, आमच्याकडे चाळीस हजार लोकांच्या चाचण्या आहेत. अठ्ठ्याण्णव टक्के नॉर्मल. तुमच्याकडे तेवीस आणि कापूस."

"तुमच्या चाळीस हजारांना कापूस घातला नव्हता," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"ठीक आहे. आम्ही बघू. अभ्यास करू. वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर लोकांना घाबरवून त्यांची झोप काढून घ्यायची का? काकूंचंच बघा."

इंदुमती आतून म्हणाली, "काकूंचं काकू बघतील. चहात साखर किती?"

बाई गेल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही झोप खरी होती. मी कोण? एक निवृत्त प्रयोग-सहायक. पण वर्ष-दीड वर्ष म्हणजे किती जिने, किती उंबरे, हे मनातून जाईना.

*

शेड रंगवून ओळखू न येईल अशी केली होती. जिथे झोळ्या बांधत, तिथे शोभेला एक बंद माग ठेवला होता. समोर दोनशे माणसं; पुढच्या सहा-सात रांगांत सत्तरीचे विणकर आणि त्यांच्या बायका. माझं नाव पुकारलं. लिहून आणलेला कागद मी उघडला आणि पहिली ओळ वाचली :

"या गादीनं झोप येते हे खरं आहे. आणि या गादीनं पाय बहिरे होतात हेही खरं आहे."

पुढची ओळ दिसेना. मी तसाच उभा. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी टेकत इंदुमती वर आली, खुर्चीत बसली, साडी घोट्यापर्यंत सारली आणि कानांत कापूस घातला.

"लावा काटा," ती मोठ्यानं म्हणाली. कापसामुळे आवाजाचा अंदाज राहिला नव्हता.

मी काट्याला टोला दिला, माइकपुढे धरला. गूंऽऽ असा नाद शेडभर गेला. मग तो तिच्या घोट्यावर टेकवला.

"लावलात का?" तिनं विचारलं.

कुणीतरी हसलं, पण एकटंच. मी बोलू लागलो. तीस शब्द झाले असतील, तोच माइक गेला. कोपऱ्यात उभ्या व्यवस्थापकानं हात खाली केलेला मी पाहिला. माझा आवाज मुळातच तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. मी थांबलो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आपण प्रयत्न केला, आता खाली उतरावं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक म्हातारा उठून उभा राहिला. बाबू होगाडे, एके काळचा माग दुरुस्त करणारा जॉबर.

"आवाज ऱ्हाऊ द्या, सर," तो म्हणाला. "तोंड तेवढं हिकडं करा."

मी मान वर केली. पुढच्या सगळ्या रांगा माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळे न मिटता. तशी नजर मी एकदाच पाहिली होती.

मी कागद खिशात घातला आणि ओठ नीट हलवत, सावकाश बोललो. जवळपास आवाज न काढता. कांद्याच्या पाकळ्या सांगितल्या, घोटा सांगितला, तेवीस माणसं सांगितली. बाबू आणि आणखी तिघे मागे वळून हातवारे करत, ओठ हलवत माझं बोलणं शेवटच्या भिंतीपर्यंत पोचवत होते. व्यवस्थापकानं गाणं लावलं, मोठ्या आवाजात. पुढच्या रांगांतली एकही मान हलली नाही. या लोकांना गोंगाटात बोलणं कुणी शिकवायचं?

आणि मग, जे ठरवून आलो नव्हतो, ते बोललो. "याच गावात धोंडीराम सातपुते नावाचा विणकर होता. तो टेम्पोखाली गेला. तो प्यायलेला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं. मी तपासलं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

बाबू होगाडेचे हात हवेत थांबले. मग त्यानं तेही मागे पोचवलं, एकेक शब्द.

डॉ. आवटी बाजूला उभ्या होत्या. मी खाली उतरलो, तेव्हा त्यांनी इंदुमतीकडून कापूस मागून घेतला, चप्पल काढली आणि पाय खुर्चीवर ठेवला. त्याही दोन वर्षं शमनवरच झोपत होत्या. मी काटा टेकवला. त्या बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"लावा ना, सर," त्या म्हणाल्या.

*

याला महिना झाला. केंद्र चालू आहे. पण चाचणी आता कान बंद करून घेतात, तेवढं डॉ. आवटींनी भांडून करून घेतलं आणि मग नोकरी सोडली. शमनच्या कंपनीनं मला नोटीस पाठवली आहे. तिला मी उत्तर देणार आहे, आणि ते याच आठवड्यात. इंदुमतीची झोप गेली, हे लपवत नाही. ती दर तासाला उठते आणि मला उठवते. तिच्या पायांत जाण परत येईल का, ते मला माहीत नाही. रोज सकाळी काटा लावून वहीत लिहितो. काल अंगठ्यापाशी तिला 'काहीतरी मुंगीसारखं' लागलं. कानात कापूस होता.

त्या दिवशी शेडमधून निघताना बाबू होगाडेनं सांगितलं होतं, "हौसाबाई रेंदाळला लेकीकडं असत्यात. नजर चांगली हाय अजून."

हौसाबाईंना पुढचं एवढंसं लिहायला मला चार कागद लागले. तीन फाडले. त्यांत माझ्याच अडचणी फार होत्या.

'हौसाबाईंस शांतिनाथ मगदूमचा नमस्कार. आपलं पत्र मिळालं होतं. धोंडीराम सातपुते यांना ऐकू येत नव्हतं. मागावर काम करून त्यांचे कान गेले होते. मी ते स्वतः तपासलं होतं. वहीतलं ते पान, तारखेसह, सोबत जोडलं आहे. हॉर्न त्यांना ऐकू गेला नसणार. ते प्यायलेले होते असं जो म्हणेल, त्याला हा कागद दाखवा आणि माझ्याकडे पाठवा. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तेव्हा मी भ्यालो. आपल्या मुलीलाही हे वाचून दाखवा.'

खाली पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली.

गावात आता लाल पेटी एकच उरली आहे, मुख्य पोस्टाच्या दारात. इंदुमती काठी घेऊन बरोबर आली. मी पाकीट फटीत धरलं आणि सवयीनं थांबलो.

"तिकीट लावलंय, पत्ता बरोबर हाय," ती म्हणाली. "सोडा."

मी सोडलं. दुसरा हात पेटीवर टेकलेला होता. पाकीट तळाला आपटलं, ते तळहाताला स्पष्ट कळलं.